गांधीलमाशी चावल्यावर

मरोळ, अंधेरी (पूर्व)
९ एप्रिल १९८६

ती. शकुताईस,

नमस्कार. भावोजींचा खोकला बसला का? कोकमं पोचली. प्रेमाचा टायपिंगचा क्लास बरा चाललाय. तुझी लेक आत्ता माझ्यासमोर चहात बटर बुडवून खातेय. हे आधी वाच, मग पुढचं.

गेल्या आठवड्यात दुपारी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मानेला गांधीलमाशी चावली. "मावशी, चुना दे गं," म्हणत हसतच आत आली. मी चुना लावत होते, तर ती एकदम गप्प झाली. अंगावर गांधी उठलेल्या नाहीत, सूज नाही. दाराकडे बघत हळूच म्हणाली, "मावशी, काहीतरी येतंय."

दारात कोणी नव्हतं.

ताई, आपली धाकटी लता गेली त्या दिवशी विहिरीपाशी हेच म्हणाली होती. ह्याच शब्दांत. तू तेव्हा मामाकडे होतीस. मी हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मग प्रेमाच्या तोंडी ते कुठून आलं?

बघता बघता तिचे ओठ सुजले, डोळे मिटत चालले. आवाज असा घोगरा झाला, की दुसरंच कोणी बोलतंय असं वाटावं. शेजारच्या जानकीकाकू म्हणाल्या, "बाहेरचं दिसतंय. लिंबू उतरव." खोटं कशाला बोलू, माझा हात लिंबाकडे गेला. मग तिच्या छातीतून शिट्टी ऐकू आली आणि मी जिन्यातून डॉ. सामंतांना हाका मारत सुटले. त्यांचा दवाखाना आमच्याच खाली.

मी तिला उठवून बसवत होते, तर ते ओरडले, "उठवू नका! आडवी करा, पाय वर." मांडीत बाहेरच्या बाजूला सुई टोचली. अॅड्रिनलिन. ती थरथर कापायला लागली, पण श्वास मोकळा झाला.

मला वाटलं, संपलं. डॉक्टर म्हणाले, "हॉस्पिटलात न्यायचंच. हे परत येतं." आणि संध्याकाळी वॉर्डात, माशी नाही, काही नाही, तिचे ओठ पुन्हा सुजायला लागले. तिथे पुन्हा तेच इंजेक्शन दिलं.

नंतर मी डॉक्टरांना लताचं सांगितलं, तिलाही त्या दिवशी विहिरीपाशी गांधीलमाशीच चावली होती तेही. ते म्हणाले, "काही रोग्यांना आधीच चाहूल लागते. बाधा नव्हती ती, कुंदाताई."

मे महिन्यात प्रेमा तुझ्याकडे येईल. तिच्याजवळ स्टीलची डबी असेल, त्यात उकळलेली सिरिंज आणि औषधाच्या काचेच्या कुप्या. डबी उन्हात ठेवू नकोस. औषध तांबूस झालं तर टाकून दे. कसं भरायचं ते ती तुला पाण्यावर शिकवेल. आल्या दिवशीच शिक. पुन्हा तसं झालं तर आडवी कर, धाप फार लागली तर टेकवून बसव, आणि अर्धी कुपी मांडीत. वाट बघू नको. गोळी देऊन थांबू नको. पाच-दहा मिनिटांत उतार नाही पडला तर दुसरं. बरी वाटली तरी जीप करून कणकवलीला हॉस्पिटलात ने.

एकच राहिलं. नानांनी लताला दवाखान्यात न नेता भगताकडे नेलं. ते अजून दर अमावास्येला विहिरीवर नारळ ठेवतात ना? आपल्या पोरीला कोणी ओढून नेलं, असं समजून ते एवढं जगले. त्यांना हे सांगायचं की नाही, ते तूच ठरव.

मला ते जमणार नाही.

तुझी,
कुंदा