रक्तगटाच्या रकान्याबद्दल

सर, मला वाटणारी तुमची भीती अजून गेलेली नाही. हजारोंच्या सभेत मी हातात कागद न घेता बोलतो, लाठी उगारलेल्या शिपायापुढेही माझा आवाज कधी कापला नाही. पण समोर बसून कुणी माझं लिहिलेलं शांतपणे वाचू लागलं की आजही तळहात ओले होतात.

रत्नागिरीत औषधाच्या दुकानावरच्या खोलीत आपला संगणकाचा वर्ग भरायचा. मशीन एकच, म्हणून प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा. शनिवारी तो दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचा आणि ज्याचा असेल त्यानं तोंड उघडायचं नाही, हा तुमचा नियम. वक्तृत्वाच्या ढाली जिंकणाऱ्या मला ती शिक्षाच वाटे.

त्या शनिवारी पाळी माझी. रक्तदात्यांची यादी होती: इस्पितळातून फोन आला की त्या गटाचे दाते गावासकट काढून द्यायचे. देवरूखची एक शिक्षिका वाचते आहे. तुम्ही डोळे मिटून ऐकता आहात. मध्येच हात वर करता.

"बाई, रक्तगटाला जागा किती ठेवलीय त्यानं?"

"दोन अक्षरं, सर."

"मग एबी पॉझिटिव्ह मावणार कसा?"

मावत नव्हता. 'एबी' एवढंच उरे, पुढचं चिन्ह कापलं जाई. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह एकच होऊन बसत. मी नियम मोडून उभा राहिलो. मशीनची अपुरी जागा, लोकांच्या दारी विज्ञान नेण्याची घाई, खुसपटं काढून कामं अडवणारी मंडळी, सगळ्यावर पाच मिनिटं बोललो. मागून टाळ्याही पडल्या.

"झालं, पुढारी?" तुम्ही डोळे उघडलेत. "आता ऐका. निगेटिव्हवाली बाळंतीण टेबलावर आहे. तुमची यादी गुहागरच्या पॉझिटिव्हवाल्याला बोलावते. तो बापडा एसटीनं धडपडत येतो, तपासणीत त्याला नको म्हणतात. तोवर बाळंतिणीनं काय करायचं? तुझं भाषण ऐकायचं? शरम वाटत नाही मेल्या?"

तुम्ही कागद उभे फाडून माझ्यापुढे टाकलेत.

सोमवारी मात्र तुम्हीच जिन्यात थांबला होतात. "लागलं काय रे? नकळत चुकतं माणूस. सगळ्यांदेखत तसं बोलायला नको होतं मी." मी मोठ्या मनानं मान हलवली. पुढे कितीतरी व्यासपीठांवर हा प्रसंग सांगितला, वडीलधारे तरुणांना कसे चिरडतात याचा दाखला म्हणून. तुम्ही गेल्याचं कळलं त्या आठवड्यातसुद्धा.

सर, नकळत नव्हतं ते. शुक्रवारी कागद स्वच्छ उतरवताना मला ती चूक दिसली होती. पण इतक्या कमी जागेत यादी बसवणारा मीच, असं आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरलो होतो. दुरुस्त केलं असतं तर यादी त्या जागेत बसली नसती. वाटलं, बाई भरभर वाचतात, तुमच्या कानावरून निसटेल. बाळंतिणीचा विचार तुम्ही बोलेपर्यंत माझ्या मनात आलाच नव्हता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि हा कागद घरातल्या कुणाच्या हाती पडेल म्हणून आत्ताही दाराला कडी लावून बसलो आहे.