सत्तेचाळिसावा फोटो

५ फेब्रुवारी, सोमवार

दादाचं नाक सरळ केलं. न विचारता!

मागच्या महिन्यात काढलेला त्याचा एक फोटो होता, त्यावरच हात साफ करून घेतला. फोटो आवरायला शिकवणारे व्हिडिओतले मास्तर सारखे बजावतात — चेहरा बदलायचा नाही, नुसता आवरायचा. आवरायचा म्हणजे काय, पसारा आहे का तो? मी आपलं नाक सरळ केलं, कान जरासे आत ढकलले आणि दादाला पाठवून दिलं. दहा मिनिटांत पठ्ठ्याने तो सगळीकडे लावला. नाकाबद्दल चकार शब्द नाही. आईला दाखवला तर म्हणाली, कोण गं हा, बरा दिसतोय.

८ फेब्रुवारी, गुरुवार

चौदा वर्षं लोकांना चष्मे बसवतेय. दोन्ही कान एका रेषेत असलेला माणूस अजून बघायचाय. एक दांडी नेहमी वाकवावीच लागते. फोटोत मात्र प्रत्येकाला सरळ दिसायचं असतं.

आज मालकांची पाळी. दुकानाच्या पाटीवर त्यांना स्वतःचा फोटो हवाय. वय थोडं कमी कर, पण कळायला नको, म्हणाले. मी बसले सुरकुत्या पुसत. हात थांबेना! डोळ्यांखालचं पुसलं, कपाळ पुसलं, हनुवटीखालचं पुसलं — शेवटी सोललेल्या अंड्याला मिशी लावल्यासारखं दिसायला लागलं. घाबरत घाबरत दाखवलं. मालक बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मी असाच आहे की." मी मान डोलावली. नोकरी टिकवायचीय मला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

एका गिऱ्हाइकाने पाटीकडे बघून मालकांना विचारलं, मुलगा वाटतं तुमचा? मालक दिवसभर हवेत. मला दुपारनंतर सुट्टी!

११ फेब्रुवारी, रविवार

मावशी चालली. कायमची. पंचवीस तारखेला, तिच्या लेकाकडे. रेल्वेने अख्खा दिवस लागतो तिथे जायला. आणि हे मला कळलं जिन्यात, रिकामी खोकी वर नेणाऱ्या माणसाकडून!

घरात येऊन आईला सांगितलं. ती भांडी पुसत होती, पुसत राहिली. "जाऊ दे की," म्हणाली. तीच ती ताटली चार वेळा पुसली.

पाच वर्षं झाली, दोघी बोलत नाहीत. इमारत एकच. आम्ही पहिल्या मजल्यावर, मावशी तिसऱ्या. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने धाकट्या बहिणीला कळवलंच नाही — उगाच घाबरून जाईल म्हणून. मावशीला कळलं ते औषधांच्या दुकानात, टाके निघाल्यावर. आली, दारातच उभी राहिली, "सख्खी बहीण ना मी तुझी?" एवढं विचारलं आणि गेली. तेव्हापासून जिन्यात मावशीची पावलं वाजली की आई दारामागे थांबते. ती खाली गेली की मग ही बाहेर पडते. वर मावशीचंही तेच! वेड्या कुठल्या. आणि मधे मी, अर्धा कप इथे, अर्धा कप तिथे.

आता गेली की संपलं. दोघींची वयं काय कमी आहेत? पुन्हा भेटतील कधी? आधी रडू आलं, मग भयंकर राग आला. दोघींचा.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

बेत ठरला. अगदी वाईट आहे. मला फार आवडला.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तरांचा अकरावा धडा: दोन फोटोंतली माणसं एका फोटोत आणणं. माझ्याकडे आईचा फोटो आहे, मावशीचा आहे. एकत्र उभ्या राहायच्या नाहीत म्हणता? बघतेच!

दोघींना कापलं, खांद्याला खांदा लावून उभं केलं. पण उजेडाची पंचाईत — आईवर तो डावीकडून आणि मावशीवर उजवीकडून. एका खोलीत दोन सूर्य! तासभर डोकं खाजवलं. मग सुचलं. मावशीला उलटं केलं, आरशात दिसतं तसं. उजेड लगेच जुळला. कडांवर हलका हात फिरवला, दोघींचा रंग सारखा केला. काय सांगू, कालच एकमेकींच्या गळ्यात गळा घालून फिरायला गेल्यासारख्या दिसतात. स्वतःवरच खूश होऊन दोनदा चहा प्यायले.

१७ फेब्रुवारी, शनिवार

दोन प्रिंट काढून आणले. खाली आईला सांगितलं, मावशीने हौसेने करून मागितलाय, एक तुझ्यासाठी पाठवलाय. वर मावशीला सांगितलं, आईने करून मागितलाय, एक तुझ्यासाठी पाठवलाय. इतकं खोटं बोलले, जीभ जराही अडखळली नाही. कुणाची शिकवण कोण जाणे. दोघींनी घेतला.

१८ फेब्रुवारी, रविवार

पचका!

सकाळी मावशीने वर बोलावलं. माझ्या उजव्या गालावर तीळ कधी आला, म्हणाली. अरे देवा — तिला उलटं केलं तेव्हा तीळही पलीकडच्या गालावर गेला! चौदा वर्षं माणसांच्या तोंडाशी तोंड नेऊन काम करते आणि हे दिसलं नाही मला. वर ऐकवलं, "ताईने मागितला म्हणालीस ना? ताईच्या हातात हा पडला असता तर तिने पहिल्या नजरेत पकडलं असतं."

तोंड लपवत खाली आले. तर आई फोटो टेबलावर ठेवून बसलेली. "तिचा तीळ डाव्या गालावर आहे," म्हणाली. फोटो परत दे, नीट करते म्हटलं, तर द्यायला तयार नाही. स्वतःच्या कपाटात ठेवून दिला.

पाच वर्षं एकमेकींचं तोंड बघितलं नाही, आणि तीळ कुठे ते पाठ! काय करावं या बायकांचं?

१९ फेब्रुवारी, सोमवार

मावशीचा निरोप: काढायचाच असेल तर माझा एकटीचा काढ. खराखुरा. जाण्याआधी.

२१ फेब्रुवारी, बुधवार

दुकानातून लवकर सटकले. मावशीच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे खोकी. रिकाम्या भिंतीपाशी तिला स्टुलावर बसवलं. मी समोर, दाराकडे पाठ करून. सामानवाल्यांची ये-जा चालू म्हणून दार नुसतं लोटलेलं.

मावशी एरवी किती बोलते! पण कॅमेरा समोर आला की डोळे तपासायला बसल्यासारखी ताठ. सेहेचाळीस फोटो काढले, सगळे तसेच. मी दादाच्या नाकाचा किस्सा सांगितला. ढिम्म. मालकांचं अंडं सांगितलं. ढिम्म. शेवटी मालकांची नक्कल केली, भुवया वर चढवून, पोट पुढे काढून, एका हातात कॅमेरा धरून. आणि सत्तेचाळिसाव्या फोटोला हसली! नुसत्या ओठांनी नाही, सगळ्या चेहऱ्याने. किती वर्षांनी बघितलं मी हे. माझी नक्कल म्हणजे आहेच तशी.

पण लगेच हसू मावळलं. पुरे आता, म्हणाली. चष्मा काढून पुसत बसली, कितीतरी वेळ. मी आणखी दोन नकला करून बघितल्या, काही उपयोग झाला नाही.

घरी आले तर आई अंथरुणावर. डोकं दुखतंय म्हणाली.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आईशी कडाडून भांडले. परवा ती जाणार, एकदा वर जाऊन ये, दोनच मजले आहेत, म्हटलं. आई म्हणाली, "तिला मी नकोय. मला माहीत आहे." कशावरून, विचारलं तर भाजी चिरायला बसली. चूक तुझी होती, तू सांगायला हवं होतंस तिला, असंही बोलून गेले. आई म्हणाली, हो, माझीच होती. मी आपली गॅलरीत जाऊन उभी राहिले.

वर मावशीला विचारलं, जाताना खाली थांबशील का दोन मिनिटं? ती म्हणाली, दारापर्यंत येऊन जे माणूस मागे फिरतं त्याला मी काय बोलवू. मला वाटलं, जुन्या भांडणाचंच काहीतरी बोलतेय.

हरले मी. दोघीही माझ्यापेक्षा हट्टी आहेत.

२४ फेब्रुवारी, शनिवार

उद्या सकाळी मावशीची गाडी. दुपारी सत्तेचाळीस नंबर आवरायला घेतला. नेमक्या ह्याच फोटोत चष्म्याच्या काचेवर पांढरी चमक, बाकी सगळे स्वच्छ! पुसण्याआधी मोठं केलं. अजून मोठं केलं. चमक कसली, उघडलेलं दार आहे ते. आणि दारात आई. तोच अंबाडा, खांद्यावर फडकं, एक हात चौकटीवर. मावशीची बुबुळं तर कॅमेऱ्याकडे नाहीतच. माझ्या डोक्यावरून मागे बघतेय ती.

म्हणजे माझी नक्कल फुकट गेली!

लॅपटॉप आईसमोर ठेवला. ती खुर्चीत बसली. "मला वाटलं, तुझ्याकडे बघून हसतेय," म्हणाली. "चष्मा नुसता पांढरा दिसत होता गं दारातून." मग लॅपटॉप उघडाच उचलला आणि वर गेली. चप्पलसुद्धा न घालता.

त्याची बॅटरी अर्धा तास टिकते. चार्जर इथे माझ्या मांडीवर आहे. साडेतीन तास झाले.