उतरलेला खांदा

अक्का, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुला चालता-फिरताना पाहिलेलं माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. सगळं घर तुला अक्का म्हणायचं, म्हणून मीही आईला आई असं कधी म्हटलं नाही. मी आता थकले आहे. तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं. हल्ली हात थरथरतो, रेघ सरळ येत नाही, आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहून गेली आहे.

राज्याचं नाव अजून म्हैसूर होतं आणि आपण बेंगळुरात राहायचो, तेव्हाची. मी ड्रॉइंगच्या वरच्या सरकारी परीक्षेची तयारी करत होते. फुलं, पानं, घडे मला यायचे. माणूस यायचा नाही. आमचे ड्रॉइंगचे मास्तर, त्यांना सगळे मेष्ट्रू म्हणत, कन्नडातच बोलायचे, अगदी हळू आवाजात, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्तच लागायचं. मी काढलेली उभी बाई त्यांनी हातात घेतली आणि विचारलं, "ही कुठल्या पायावर उभी आहे?" मी आधी डाव्या म्हटलं, मग उजव्या. "तुलाच ठाऊक नाही, मग ती पडणारच. हे दोरीवर वाळत घातलेलं लुगडं आहे, बाई नव्हे. घरी कुणाला तरी समोर उभं कर आणि रोज काढ."

उभं कुणाला करणार? वडील, म्हणजे अण्णा, सकाळीच यशवंतपूरच्या मालधक्क्यावर कामाला जायचे. शेजारणींना विचारलं तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. राहिलीस तू. "माझं काय काढणार ग तू?" म्हणालीस, आणि लगेच हात पुसत, "सरी, काढ. पण स्वल्प थांब, भात उतरवते." जेवणं आटोपली की तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायचीस आणि मी पाटावर बसून कोळशाच्या कांडीनं काढायची. पुसायला पावाचा मऊ गर लागे. खायचा पाव कागदाला घासते म्हणून तू रोज कुरकुरायचीस. दहा मिनिटं होतात न होतात तोच तुझा हात चौकटीवर जातो. "अक्का, हलू नको ना!" मी ओरडते. "पाठ भरून येते ग," तू म्हणतेस, आणि हात काढून पुन्हा उभी राहतेस.

मेष्ट्रूंनी एक युक्ती शिकवली होती. दोऱ्याला किल्ली बांधायची आणि एक डोळा मिटून तो दोरा माणसाच्या गळ्यातल्या खळग्यासमोर धरायचा. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर तो टाचांच्या बरोबर मधे उतरतो. तुझा उतरायचा नाही. डावा खांदा बोटभर खाली यायचा, महिन्याभरानं दोन बोटं. मी पुन्हा पुन्हा मापलं आणि माझंच चुकतंय असं धरून चालले. शेवटी पुस्तकातली आकृती शेजारी ठेवली, तुझा खांदा पुसला, आणि वर उचलून काढला.

तो कागद मेष्ट्रूंनी उजेडाकडे धरला. "इथं खाली आणखी एक रेघ होती. का पुसलीस?"

"चुकली होती, सर."

"कुणी सांगितलं? समोरच्या माणसानं की पुस्तकानं?"

मला राग आला. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. घरी येऊन मी तुला काहीच विचारलं नाही. "सरळ उभी राहा" एवढंच दोनदा जास्त म्हटलं. परीक्षेत समोर ताठ पाठीचा एक तरुण उभा होता. मी पहिल्या वर्गात पास झाले. तू पुरण शिजवून होळिगे केलीस, पण बसून लाटलीस.

दिवाळीच्या सुमारास तुला घागर उचलेना. इस्पितळात पाठीचा फोटो काढला. "मणक्याचा क्षय," डॉक्टर म्हणाले. "वर्षभर तरी आत चाललंय. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या मागे उभी राहून मीही हलवली.

मग तुला प्लास्टरमध्ये निजवलं. एक दिवस तूच म्हणालीस, "आता काढ मला. आता मी हलणार नाही." तू हसत होतीस. अकरा महिने मी तुला काढत होते, जसं दिसेल तसं, एकही रेघ पुसून वर न उचलता. माणूस काढायला मी त्या खाटेशी शिकले. तू गेल्यावर मेष्ट्रूंनी ती चित्रं पाहिली आणि परत दिली. शाळेतली नोकरी मला त्याच चित्रांवर मिळाली.

वेळेवर दाखवलं असतं तर तू वाचली असतीस की नाही, ठाऊक नाही. औषध तेव्हा मिळू लागलं होतं, एवढं मात्र नंतर कळलं. अण्णांना मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. हा कागदही कुणी वाचायचा नाही, आणि तुला तर कुठे धाडणार?

पुस्तकावर विश्वास ठेवला म्हणून चुकले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते तितकंसं खरं नाही, अक्का. खांदा उतरलेला मला दिसत होता, पण तुझ्याकडे पाहून पाहून मला तुझा कंटाळा आला होता. समोर कुणीतरी तरुण, देखणं माणूस हवं होतं. आणि रोज तूच येऊन उभी राहायचीस.