शेवट पटला नाही

४ मार्च
नोकरी मिळाली, तीही बसल्या जागी पगार देणारी! प्रकाशकाच्या वरच्या मजल्यावर वाचनखोली आहे. छपाईआधी कादंबरी पाच-सहा वाचकांना तिथे बसवून वाचायला देतात. मी काचेपलीकडच्या खोलीत. त्यांच्या बाजूने तो आरसा. कोण जांभई देतं, कोण पान मागे उलटतं, ते टिपायचं. मग त्यांची मतं विचारून अहवाल लिहायचा. त्यावरून लेखक मजकूर बदलतो. लेखक म्हणजे भयकथांचे ते सध्याचे लाडके, तेवीस वर्षांचे. ऑफिसात त्यांना युवराज म्हणतात. जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्यांचाच फोटो. दादा म्हणाला, लोकांच्या जांभया बघायचा पगार, नशीब काढलंस.

६ मार्च
वाचक भडकले. एवढा गाजावाजा, आणि हे? निवृत्त मास्तर म्हणाले, भीती वाटली ती एकाच गोष्टीची, अजून अर्धं पुस्तक उरलंय. वाचकांतल्याच एक काकू म्हणाल्या, ह्याच्या भुतापेक्षा माझी जाऊ भारी. सगळी माणसं पुठ्ठ्याची, एखादं खरं घाल म्हणावं. मी हसत हसत सगळं जसंच्या तसं लिहिलं. युवराजांनी अहवाल माझ्यासमोरच वाचला. मग बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

११ मार्च
नवा मजकूर आला. आज एकही जांभई नाही. एका ठराविक पानावर जो तो मान वर करून आरशाकडे बघत होता. नंतर मतं विचारताना माझी बाही सरकली. मनगटावरचा इस्त्रीने भाजल्याचा डाग पाहून मास्तरांनी ते पान पुन्हा काढलं. खोदून विचारल्यावर म्हणाले, पुस्तकातल्या बाईलाही तिथेच आहे. तीही काचेमागे बसते.
हा डाग मी ऑफिसात कुणाला दाखवलेला नाही.
डोकं फिरलं. युवराजांना जाऊन जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, खरं माणूस हवं, हे तुम्हीच लिहून दिलंत ना?

१२ मार्च
पुस्तकात शेवटी बाईच्या खोलीचं दार अडकतं. ती धडका मारते आणि सुटते. दुपारी माझं दार अडकलं. शिपायाने बाहेरून खांदा लावला तेव्हा उघडलं.
वाचक संतापलेत. सुटते कशी? काकू म्हणाल्या, मरू दे की, एवढी काय लाडाची! आणि लगेच मला विचारलं, खोकला कसा आहे गं, औषध घेतेस ना?

१३ मार्च
अहवालात खोटं लिहिलं. शेवट सर्वांना पटला. बदलू नये.

१४ मार्च
शेवट तोच राहणार हे कळल्यावर मास्तरांनी थेट युवराजांना फोन केला. अहवाल खोटा, शेवट मिळमिळीत, बदला. यांची करमणूक, आणि जीव माझा —
नोकरी गेली खड्ड्यात. उद्या लवकर जाऊन नव्या शेवटाची पानंच फाडते.

१५ मार्च
उशीर झाला. पानं वाटून झाली. अहवालाची वही घ्यायला खोलीत आले आणि दार —
उघडत नाही. शिपायाला हाका मारल्या. कुणी नाही.
काचेवर मुठी आपटल्या. ऐकू जातंय त्यांना! वर बघतात मेले, परत पानात —
श्वास — नाही, घाबरणार नाही, त्यांना तेच —
मास्तर मान हलवतायत. अजून पटत नाही. काकूंनी खुर्ची पुढे ओढली. बोट ओळीवर, डोळे इकडे — म्हणतायत, हं, आता कुठे जरा —