बिननावाचं आवाहन

३१ जानेवारी, शुक्रवार
ऑगस्टिन पिस्तुलांसाठी पर्स शिवतो! सून रिबेकाने फोनच पुढे धरला — "पप्पा, तुमच्या लाडक्या विद्यार्थ्याचे प्रताप बघा." इथल्या वेरिबी उपनगरातल्या त्याच्या चामड्याच्या दुकानाची वेबसाइट. लेडीज पर्स, आत पिस्तूल लपवायचा खिसा. गिऱ्हाईक सगळं अमेरिकेतलं. तिकडे परवाना काढून बायका असं जवळ बाळगतात म्हणे; आम्ही वसई सोडून आलो त्या या देशात कुणाला मुभा नाही. रिबेका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्स. तिचा संताप समजतो.

शिवण मात्र काय सुंदर! दोन सुयांची, हातची. वसईला पाचवीच्या वर्गात याला एकही कविता कधी पाठ झाली नाही. चाल तेवढी गुणगुणायचा, शब्द गायब. ती दुपारची उन्हं, चाळीस गळे एका सुरात... कुठे गेलं सगळं?

२ फेब्रुवारी, रविवार
चर्चमध्ये महिन्याची मराठी मिस्सा. नंतर चहाच्या वेळी ठरलं — ते खिसे बंद होईपर्यंत ऑगस्टिनकडून कुणी पट्टा घ्यायचा नाही, बूट दुरुस्तीला टाकायचा नाही. तो आला नव्हता. फ्लाविया चर्चच्या फोनवरच्या मराठी ग्रुपची ॲडमिन. म्हणाली, "सर, आवाहन तुम्हीच लिहा. आमचं मराठी म्हणजे अर्धं इंग्लिश. नाव नको, सगळ्यांतर्फे जाऊ दे."

हुरळलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळी शिकवल्या. माझ्या कोण मागतंय?

३ फेब्रुवारी
"ज्या पर्समध्ये लेकराचा रुमाल असायचा, तिथे मरणाला जागा करून देणारे हात आपले नसावेत." वा! चारदा मोठ्याने वाचलं. नाद बरोबर बसला. ग्रुपवर खूप वाहवा झाली.

ऑगस्टिनही त्याच ग्रुपमध्ये आहे, हे नंतर आठवलं.

१२ फेब्रुवारी
चष्म्याचं घर उसवलं. न्यायचं कुणाकडे?

२ मार्च, रविवार
मिस्सेत एकमेकांना शांतीचा हात द्यायची वेळ. ऑगस्टिनच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. तो मागे वळला, हात पुढे केला — आणि परत घेतला. मी दोन ओळी मागे, पटकन डोळे मिटून प्रार्थनेत! बहिष्कार पट्ट्यांवर होता. हातावर कधी आला?

३ मार्च
ऑगस्टिन घरी आला. आवाहनाची प्रिंट काढलेली. "सर, याला उत्तर लिहून द्या. मला कुठे येतंय असलं?"

"अरे, खिसे बंद कर ना."

"बाया एकट्या राहतात, सर. भीती वाटते म्हणून मागतात. मी खिसा शिवतो, गोळी नाही झाडत. आणि बंद करीनही, पण समोर येऊन सांगा ना कुणी! 'मरणाला जागा करून देणारे हात' — सगळे म्हणतात. सगळे म्हणजे कोण, सर?"

आपल्याच हातांकडे बघत बसला. मी विचारलं, "चहा टाकू?" शाबास, मास्तर!

४ मार्च
मत बदललेलं नाही. त्या बायांची भीती खरी असेल, पण पर्समधलं पिस्तूल ती भीती शेजारणीलाही वाटून टाकतं. बहिष्कार योग्यच. पण ते वाक्य लिहिताना मला ऑगस्टिन दिसलाच नव्हता. नुसता नाद ऐकू येत होता.

त्याचं उत्तर लिहायला बसलो. तेही झकास जमायला लागलं! लाज वाटली, पेन ठेवलं. रिबेकाला म्हटलं, वेरिबीला त्याच्या दुकानापाशी सोड.

"ते मी लिहिलं, ऑगस्टिन. शब्द न् शब्द."

हातातलं चामडं कापून त्याने बाजूला ठेवलं. मग, "पटतं तुम्हाला ते? खरंच?"

"हातांचं नाही. बाकीचं पटतं."

"मग खाली नाव घाला."

५ मार्च, राखेचा बुधवार, पश्चात्तापाचा दिवस
हातांचं वाक्य गाळून आवाहन पुन्हा टाकलं. खाली माझं नाव. मिनिटभरात पहिला अंगठा — ऑगस्टिनचा!

संध्याकाळ झाली. दुसरा अजून आलेला नाही.