अंतर मीटरमध्ये

३ फेब्रुवारी
आज रुजू झालो, फार बरं वाटतंय. लांडगा प्रकल्पाचं ऑफिस म्हणजे सावेडीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. बारावी अर्धवट सुटलेली असूनही प्रकल्पप्रमुख शामकांत सरांनी माझं अक्षर पाहून मला कामावर घेतलं. महिनाभरानं कायम करतील. सकाळी हिवरे बाजारकडच्या माळावर ठरलेल्या सहा किलोमीटरच्या रेषेवर चालायचं. प्राणी दिसला की वेळ आणि त्याचं आपल्यापासूनचं अंतर तक्त्यात लिहायचं. दुपारी ऑफिसात तक्ते संगणकावर चढवायचे.

७ फेब्रुवारी
माळावर सोबत गोरक्षभाऊ असतात, मेंढपाळ. मी चालताना सारखा कागद तपासतो म्हणून हसतात. म्हणे, तू बघ कागदाकडं, तवर लांडगं तुझ्याकडं बघत्यात. अजून एकही दिसलेला नाही. ऑफिसात जुने चारशे तक्ते तुंबलेत. सरांनी वीस तारखेची मुदत दिली, आणि माळही चुकवायचा नाही म्हणाले. दोन्ही जमेना. एक जरी राहिलं तरी मला काढतील.

११ फेब्रुवारी
गोरक्षभाऊ भाचीच्या लग्नाला गेले. मी माळावर गेलो नाही. या खुर्चीत बसून वीस तारखेपर्यंतचे तक्ते आजच भरून टाकले. खरे वाटावेत म्हणून एक लांडगीण घातली : मागचा डावा पाय अधू, दिसण्याची वेळ रोज सकाळी ७.४०. माणसाला सरावत जाते असं दाखवत तिला रोज जवळ आणली. उद्या चारशे मीटर, मग तीनशे, दोनशे वीस, अशी वीस तारखेला तीन. आता तुंबलेलं काम उरकेल.

१३ फेब्रुवारी
सकाळी ऑफिसच्या खिडकीतून मोकळ्या प्लॉटपलीकडे एक लंगडं कुत्रं दिसलं. इकडेच बघत होतं. घड्याळात ७.४०. मोबाईलच्या नकाशावर अंतर मोजलं. दोनदा मोजलं. तीनशे.

१५ फेब्रुवारी
दीडशे. गोरक्षभाऊ लग्नाहून परतले. ऑफिसात येताना त्यांनी प्लॉटमधले ठसे पाहिले. म्हणाले, हे कुत्रं न्हाई. मेंढरं सोडून ही हितं कुनापायी आली? ते गेल्यावर उरलेले खोटे तक्ते फाडले.

१७ फेब्रुवारी
फाडून उपयोग नाही. आज मुद्दाम माळावर गेलो, ऑफिसपासून लांब. ७.४० ला ती गवतात उभी. साठ. म्हणजे अंतर ऑफिसपासून नाही, माझ्यापासून — गोरक्षभाऊंनाही दिसली. मेंढरांकडं ढुंकून बघंना, म्हणाले. उद्यापासून माझ्याबरोबर चालायला नको म्हणतात.

१८ फेब्रुवारी
तीस. सरांना सगळं सांगितलं. नोकरी गेली तरी चालेल. ते ओरडले नाहीत. म्हणाले, खोटी नोंद फाडून जात नाही. त्याच वेळी स्वतः पाहून खरी लिहायची, मगच जुनी रद्द होते. लांडगिणीचं मात्र त्यांना हसू आलं.

१९ फेब्रुवारी
बारा. जिन्यात. वरच्या पायरीवरून पाहिली — दार लावून घेतलं. उद्या खरी नोंद. एवढंच हातात आहे.

२० फेब्रुवारी
७.३६. दाराला आतून कडी. सर आठला येतील. नवा तक्ता घेतला. नीट लिहायचं —

ठिकाण ऑफिस. वेळ ७.४०. प्राणी : नाही.

नाही. खोली रिकामी. कडी तशीच, आणि ती आत —

खोडतो. खरं लिहायचं. प्राणी : लांडगीण, एक. अंतर तीन.

लिहून झालं. ती जात नाही. खरं लिहिलं, तरी —

अंतर दोन. ती कागदाकडे बघत नाही —

अंतर