गाल द्यायचा की नाही

४ फेब्रुवारी

पुन्हा तेच. ह्यांची लघवीची वाट परत आवळली आहे. आधी सळया घालून रुंद केली, मग दोनदा दुर्बिणीतून कापून मोकळी केली, आणि दर वेळी घरी येऊन आम्ही ‘सुटलो’ म्हणालो. आज हे बाथरूममध्ये गेले ते माझी भाजी निवडून, चिरून, शिजत टाकून झाली तरी बाहेर नाहीत. आले ते घामाघूम. नुसती करंगळी वर केली आणि खांदे उडवले. या विषयावर आमचं बोलणं एवढंच!

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरही करंगळीच वर करायला लावायच्या. पुढचा शब्द वर्गात उच्चारायचा नाही. मी तो संसारातही कधी उच्चारला नव्हता. आता अनोळखी माणसांसमोर उठता-बसता उच्चारते.

दुखणं त्यांचं, आणि दमले मी. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

९ फेब्रुवारी

जुने डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक मुलगी आहे, आमच्या लेकीहूनही लहान. हे बिचारे सगळा वेळ भिंतीवरच्या घड्याळाशीच बोलत होते.

तिने कागदावर चित्र काढून नीट समजावलं. कापलं की तिथे व्रण धरतो, आणि व्रणच पुन्हा वाट आवळतो. म्हणून नुसतं कापत राहण्यात अर्थ नाही. एक उपाय मोठ्या ऑपरेशनचा – गालाचं आतलं अस्तर काढून त्याचं ठिगळ तिथे लावायचं. ते बहुतेक टिकतं. दुसरा फुग्याचा. बारीक फुगा आत नेऊन फुगवायचा. त्याच्यावर औषध असतं, व्रण परत धरू नये म्हणून. टाके नाहीत, लगेच घरी. पण तुमचं आवळणं बऱ्याच लांबीचं आहे आणि बरेचदा उलटलंय, तेव्हा फुगा टिकेलच असं मी म्हणणार नाही – हेही तिने सांगून टाकलं. मला आवडली पोर.

“गाल देणार नाही,” हे म्हणाले. पहिल्यांदाच तिच्याकडे बघून.

कारण मला सांगावं लागलं. हे क्लॅरिनेट वाजवतात. नगराच्या बँडमध्ये नोकरी केली, आता दर रविवारी बागेतल्या मंडपात जुन्या मंडळींबरोबर वाजवतात. तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, बहुतेकांचं तोंड काही महिन्यांत पहिल्यासारखं होतं, पण फुंकून वाजवणाऱ्याला शब्द देणं अवघड आहे.

म्हणजे फुगाच.

१० फेब्रुवारी

आज दिवसभर तो गालच डोळ्यांसमोर. आमच्या कॉन्व्हेंटच्या समारंभाला बँड आला होता. सगळ्या मुली ट्रम्पेटवाल्याकडे बघत होत्या, तो होताच देखणा. मी बघत होते क्लॅरिनेटवाल्याच्या गालांकडे. बाकीच्यांचे पुंगीवाल्यासारखे फुगलेले, ह्यांचे मात्र सपाट, घट्ट – जणू काही वाजवतच नाहीत. सिस्टरने मागून टपली मारली. ती मारली नसती तर मी कदाचित विसरूनही गेले असते!

२१ फेब्रुवारी

फुगा झाला. मी बाहेर बसून नीट काळजीत पडेपर्यंत संपलंसुद्धा. थोडे दिवस नळी राहील. भरपूर पाणी प्या म्हणून दोनदा बजावलं. निघताना तिने सहज सांगितलं, की ते औषध काही काळ अंगात राहतं, तेव्हा महिनाभर नवरा-बायकोने जपून राहायचं, आणि काय काय वापरायचं ते नाव घेऊन सांगितलं. हे घड्याळाकडे. मी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

टॅक्सीत हे हळूच म्हणाले, “महिनाभर म्हणे. तिला काय माहीत आपण किती आज्ञाधारक आहोत ते.”

हसू आवरेना. मग आवरलं. दुखणं वाढल्यापासून हे बाहेरच्या खोलीत झोपतात. सारखं उठावं लागतं, माझी झोपमोड नको म्हणून. मीही कधी ‘या आत’ म्हटलं नाही. दिवे मालवून दोघं आपापल्या खोलीत खोकत पडतो, वसतिगृहातल्यासारखे.

२६ फेब्रुवारी

नळी काढली. धार! ह्यांनी बाथरूमचं दार उघडं टाकून मला हाक मारली, ऐक म्हणून. मी हातातलं पीठ तसंच घेऊन दारात उभी. सिस्टरने पाहिलं असतं तर!

१४ मार्च

सगळं छान. रात्री उठणं बंद. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, आई, आता तरी तू झोप. झोपते आहे बाई.

२ एप्रिल

अजूनही छान. डॉक्टरांकडे दाखवायला जायचं होतं, हे म्हणाले चांगलं चाललंय तर कशाला. मलाही तेच हवं होतं. नाही गेलो.

१९ एप्रिल

काल थंडी वाजून ताप. लघवीला आग. धावतपळत दवाखाना.

आधी धारेची तपासणी. यंत्रावरच्या भांड्यात करायची, धार कशी आहे त्याची रेघ कागदावर उमटते. तपासणीवाला बाहेर येऊन म्हणाला, काका, एवढ्याशा थेंबांवरून काही कळायचं नाही, पाणी पिऊन या. डॉक्टरने विचारलं, दिवसभरात पाणी किती पितात? मी ठणकावून सांगितलं – भरपूर. पाण्याचा जग मी स्वतः भरून ठेवते, संध्याकाळी रिकामा असतो.

 मग ह्यांनी घड्याळाला सगळं सांगितलं. बँडवाले कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून पाणी घेत नाहीत. गणवेशात ताटकळत उभं राहायचं, मधेच जाता येत नाही. जुनी सवय. धार बारीक होऊ लागली तशी ह्यांनी ती पुन्हा धरली. प्यायलंच नाही तर उठायला नको. जग रोज खिडकीतल्या कुंड्यांमध्ये.

“तुला झोप लागायला लागली होती,” म्हणाले. “म्हटलं, लागू दे.”

आणि मी लेकीला सांगत होते, कुंड्यांना यंदा माझा हात मानवलाय म्हणून! रागावायचं होतं. तेवढंही त्राण नव्हतं.

२३ एप्रिल

ताप उतरला. रंग सोडून एक्स-रे काढला. वाट पहिल्यासारखीच आवळलेली. पाणी तोडलं म्हणून नव्हे, ती आवळणारच होती, असं डॉक्टर म्हणाली. पाणी तोडल्यामुळे आम्हाला कळलं उशिरा, आणि जंतू झाले. फुगा पुन्हा करता येईल, पण तिचा त्यावर भरवसा नाही. नाहीतर स्वतःच्या हाताने नियमित नळी घालून वाट उघडी ठेवायची, कायमची. नाहीतर गाल.

नळी शिकतो, हे म्हणाले, हात स्थिर आहेत माझे.

मी मधे बोलले. तिच्यासमोरच. “अहो, तुमचं वाजवणं मला हवंय. पण बाथरूमच्या दाराशी कान लावून उभं राहणं आता माझ्याच्याने होत नाही.”

 हे घड्याळाकडेसुद्धा बघेनात.

२६ एप्रिल, रविवार

कितीतरी दिवसांनी बागेत ऐकायला गेले. तो देखणा ट्रम्पेटवाला आता पार टकला, तोंडात कवळी. ह्यांनी त्याला सगळं सांगितलं असावं, कारण वाजवणं आटोपल्यावर माझ्यादेखतच म्हणाला, “वहिनी, ह्याला सांगा, कवळी बसल्यापासून मी बेसूरच वाजवतोय. एकाने तरी तक्रार केली का? ऐकणारेही आपल्याच वयाचे आहेत.”

हे हसले नाहीत. क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून, एकेक पुसून पेटीत ठेवत राहिले. घाई नव्हती.

३ मे

पाणी पितात. समोर बसून, मला दाखवून. 

८ मे

आज डॉक्टरला ह्यांनी स्वतः फोन केला. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. तिने काय काय विचारलं म्हणून मी खोदत राहिले, तर म्हणाले, कुठल्या बाजूचा गाल घेऊ असं विचारत होती, उजवा घे म्हणालो. मला वाटलं, वाजवायला त्याने काही सोपं जात असेल. तसं विचारलंही.

“त्याचा काय संबंध? डाव्या अंगाला तू झोपतेस. त्या कुशीवर वळता आलं पाहिजे.”